स्मोकरशिवाय घरच्या ओव्हनमधली जर्की

इथे अमेरिकेत कुठल्याही गॅस स्टेशनवर काउंटरजवळ जर्कीची, म्हणजे मसाला लावून वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्यांची, पाकिटं लटकलेली असतात, पाकीट हाताएवढं आणि आत मूठभर मांस, आणि किंमत बघितली तर तेवढ्यात घरी दोघांचं मटण व्हावं. मग घरीच करू म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं, आमच्याकडे स्मोकर (मांसाला धूर द्यायची पेटी) नाही हो, अपार्टमेंटमध्ये राहतो, बाल्कनीत साधी शेगडी पेटवू देत नाहीत. तर सांगायचं हे की स्मोकर लागत नाही. धुराने थोडाफार टिकाऊपणा येतो पण जर्कीत त्याचं खरं काम वास आणि चवीचं. मांस टिकतं ते मीठामुळे आणि त्यातलं पाणी निघून गेल्यामुळे, आणि पाणी काढायला लागते मंद उष्णता आणि हलती हवा. हे दोन्ही साध्या ओव्हनमध्ये मिळतं.

एक गोष्ट मात्र आधीच डोक्यात बसवून घ्या कारण बाकी सगळं त्यावर आहे. आपल्याकडे मांस-मासळी वाळवणं काही नवीन नाही. कोळीवाड्यात बोंबील दोऱ्यांवर टांगलेले असतात, पावसाळ्याआधी आगोट भरताना सुकट, सोडे, बांगडे घरात येतात. मराठवाड्यात आणि इतर ठिकाणीही दलित वस्त्यांमध्ये मोठ्या जनावराच्या मांसाच्या लांब पट्ट्या कापून उन्हात वाळवायचे, त्या चान्या. फ्रीज नव्हता, एवढं मांस एका दिवसात संपणारं नव्हतं, म्हणून वाळवून ठेवायचं आणि पुढे पुरवायचं. गोव्याचे चोरीस, म्हणजे मसालेदार पोर्क सॉसेज, पण त्याच घरातले. पण या सगळ्यात आणि जर्कीत मोठा फरक असा की चान्या रश्शात शिजतात, बोंबील तव्यावर भाजून किंवा कालवणात जातात, चोरीस कांद्याबरोबर शिजवतात. म्हणजे खाण्याआधी एकदा आगीवरून जातात. जर्की पाकिटातून काढून थेट तोंडात. त्यामुळे ते आगीवरून जाणं आपल्याला बनवतानाच करून घ्यायचंय. इथले बरेचसे घरगुती प्रयोग ही पायरी गाळतात, आणि मग पंख्यापुढे कच्चं मांस वाळवून बघा कसं मस्त झालं असं सांगतात.

आता मांस. बीफ खात असाल तर इथल्या दुकानात आय ऑफ राऊंड मागा, नाहीतर टॉप राऊंड, काही ठिकाणी लंडन ब्रॉइल अशा लेबलखाली मिळतं ते बहुतेक वेळा टॉप राऊंडच असतं. जनावराच्या मागच्या पायाचं मांस, चरबी कमी, मांसाच्या धाग्यांच्या रेषा सरळ, आणि स्टेकच्या मानाने स्वस्त. रिबआय वगैरे अजिबात नको. त्यातली ती पांढरी जाळी जी स्टेकमध्ये सोनं असते ती जर्कीत शत्रू, कारण चरबी वाळत नाही, ती नुसती पडून राहते आणि काही दिवसांनी खवट वास मारायला लागते. बाहेरून दिसणारी चरबी आणि वरचा चिवट पडदा सुरीने पूर्ण काढून टाका, कंटाळा करू नका. बीफ नको असेल तर टर्की ब्रेस्ट किंवा चिकन ब्रेस्ट चालतं, चव सौम्य असते म्हणून मसाला जरा जास्त. शिकारीचं हरण कुणी मित्राने दिलं तर तेही उत्तम होतं. पोर्क मी सुचवणार नाही, होत नाही असं नाही पण चरबी सांभाळा, जंतांची काळजी करा, एवढं सगळं करण्यापेक्षा त्याचं विंदालू करा. खिम्याची जर्की पण करतात, खास पिचकारी मिळते त्यासाठी, पण खिम्यात बाहेरचे जंतू आतपर्यंत मिसळलेले असतात, त्यामुळे पहिल्याच वेळी त्या वाटेला नको.

साधारण १ किलो मांस घ्या, वाळून हातात ३५० ते ४५० ग्रॅमच्या आसपास येईल. हे ऐकून लोकांचा चेहरा पडतो, पण गॅस स्टेशनवरचं पाकीट महाग का असतं हे पण लगेच कळतं.

कापण्याआधी मांस तास-दीड तास फ्रीझरमध्ये ठेवा, दगड नाही करायचा, बोटाने दाबल्यावर घट्ट लागेल इतपतच. मग धारदार सुरीने ५-६ मिलीमीटरचे काप. याच्यात एकसारखेपणा हवा, जाडीला नियम म्हणून नाही तर जाड आणि पातळ मिसळले की पातळ काप काटक्या होतात आणि जाड आतून ओलेच राहतात आणि मग तासभर उभं राहून एकेक उचलून बघत बसावं लागतं. रेषांच्या दिशेने कापलं तर चिवट, दातांनी ओढून खायची जर्की होते, आडवं कापलं तर पटकन तुटते. घरात लहान मुलं किंवा आजी-आजोबा खाणार असतील तर आडवंच कापा. स्वतःला कापायचं नसेल तर दुकानातल्या बुचर काउंटरला सांगा, बऱ्याच ठिकाणी विनंती केली तर मशीनवर कापून देतात, जाडी तेवढी स्पष्ट सांगायची.

मॅरिनेडचं म्हणाल तर नेहमीचा अमेरिकन प्रकार असा, १ किलोला:

सोया सॉस अर्धा कप
वूस्टरशायर सॉस पाव कप
ब्राऊन शुगर किंवा किसलेला गूळ २ मोठे चमचे
जाडसर कुटलेली मिरी २ छोटे चमचे
लसूण पावडर आणि कांदा पावडर प्रत्येकी १ छोटा चमचा
स्मोक्ड पापरिका २ छोटे चमचे
मीठ अर्धा ते पाऊण छोटा चमचा, सोया सॉस खारट असतोच

आणि आपला प्रकार, जो मला खरं सांगायचं तर जास्त आवडतो: १५ ग्रॅम मीठ, ३ मोठे चमचे कोकमाचं आगळ (बाटलीतलं आगळ खारवलेलं असेल तर मीठ १० ग्रॅमवर आणा), २ मोठे चमचे गूळ, २ छोटे चमचे लाल तिखट, रंगासाठी थोडी ब्याडगी, धणे-जिरे पूड, लसूण पावडर, मिरी, चिमूटभर हिंग, आणि हे सगळं कालवायला अर्धा कप पाणी. कोल्हापूरचे लोक इथे लगेच कांदा-लसूण मसाल्याचा डबा उघडतील, पण थांबा. त्यात तेल असतं, खोबरं असतं, तीळ असतात, म्हणजे पुन्हा चरबी. तसंच ओलं आलं-लसूण वाटण घातलं तर ते पट्ट्यांना चिकटून बसतं, ओलावा धरून ठेवतं आणि शेवटी करपतं. जर्कीत सगळं कोरडं किंवा पातळ, आणि तेल शून्य.

मसाला लावलेलं मांस झिपलॉक पिशवीत घालून हवा काढा आणि फ्रीजमध्ये रात्रभर, कमीत कमी ४ तास, २४ तासांच्या पुढे नको. मधे एक-दोनदा पिशवी उलटी करा. ओट्यावर ठेवायचं नाही, अगदी थंडीत पण नाही. उरलेलं मॅरिनेड फेकून द्यायचं, सॉस म्हणून वापरायचं नाही.

क्युरिंग सॉल्टबद्दल विचारतात म्हणून लिहितो. प्राग पावडर नंबर १ म्हणून मिळतं, त्यात ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट असतं, त्याने रंग लालसर राहतो आणि जंतूंपासून एक जादाची सुरक्षा मिळते. प्रमाण १ किलोला २.५ ग्रॅम, आणि ते वजनकाट्यावर मोजूनच, अंदाजपंचे अजिबात नाही कारण नायट्राइट जास्त झालं तर विषारी असतं. ते गुलाबी रंगाचं असतं म्हणून कुणी सैंधव किंवा हिमालयन पिंक सॉल्ट घालतं, त्याचा याच्याशी काहीही संबंध नाही. काटा नसेल तर क्युरिंग सॉल्ट गाळा. खाली सांगतो तशी उष्णता दिली आणि जर्की फ्रीजमध्ये ठेवली तर त्याच्यावाचून काम भागतं.

आता उष्णता. अमेरिकेच्या कृषी खात्याची, म्हणजे यूएसडीएची सूचना अशी की वाळवायच्या आधीच मांस आतपर्यंत १६० डिग्री फॅरनहाइटला न्यायचं, म्हणजे ७१ सेल्सियस, आणि चिकन-टर्की १६५ ला, म्हणजे ७४. आधीच का, नंतर का नाही, याचं कारण कळलं की पायरी गाळावीशी वाटत नाही. ओल्या मांसातून पाणी उडत असतं तोवर ते स्वतःला थंड ठेवतं, घाम आल्यावर आपल्याला गार वाटतं तसंच, त्यामुळे ओव्हन कितीही दाखवत असला तरी मांस स्वतः बराच वेळ कोमटच असतं. आणि एकदा वाळलं की त्यातले उरलेसुरले जंतू उलट चिवट होतात, कोरड्या उष्णतेला सहज दाद देत नाहीत. म्हणजे मारायचे तर ओले असतानाच मारायचे. ही नुसती पुस्तकी भीती नाही. १९९५ मध्ये ओरेगॉन राज्यात घरी वाळवलेल्या हरणाच्या जर्कीतून ११ जणांना ई. कोलाय ओ१५७ ची बाधा झाली होती, आणि ती जर्की वाळवली होती साधारण ५२ ते ५७ सेल्सियसला, जे हाताला चांगलं गरम लागतं पण त्या जंतूला पुरत नाही.

करायचं असं. मांस पिशवीतून काढून निथळवा, ट्रेमध्ये एका थरात पसरा, वरून अॅल्युमिनियम फॉइल घट्ट बसवा आणि ३०० फॅरनहाइटच्या (१५० सेल्सियस) तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवा. झाकलेलं असल्याने आतल्या आत वाफ होते आणि पट्ट्या लवकर तापतात, दहा-पंधरा मिनिटांनी तपासा. एवढ्या पातळ पट्टीत थर्मामीटर कसा खुपसणार तर एक पट्टी चिमट्याने थर्मामीटरच्या टोकाभोवती गुंडाळा आणि आकडा स्थिर होईपर्यंत धरा. दोन-तीन ठिकाणच्या पट्ट्या बघा. डिजिटल थर्मामीटर पंधरा-वीस डॉलरला मिळतो, यात काटकसर करू नका, रंग बघून हे कळत नाही. मांस करडं पडेल, ट्रेमध्ये पाणी सुटेल, दिसायला काही खास दिसत नाही, घाबरू नका. पाणी ओतून टाका आणि पट्ट्या पेपर टॉवेलने टिपून घ्या.

दुसरा मार्ग म्हणजे आधी वाळवायचं आणि मग शेवटी पट्ट्या एका थरात मांडून २७५ फॅरनहाइटला (१३५ सेल्सियस) १० मिनिटं. इथली काही विद्यापीठांची एक्स्टेन्शन सेंटर (लोकांना सल्ला देणारी केंद्रं) हाही मार्ग देतात, आणि याने दुकानातल्या जर्कीसारखा पोत जास्त येतो हे खरं. पण पट्टी ६ मिलीमीटरहून जाड नसेल तरच. मी घरच्यांसाठी करताना पहिलाच मार्ग धरतो, पोत थोडा कमी चिवट होतो, होऊ दे.

वाळवायला ओव्हन सगळ्यात कमी आकड्यावर ठेवा. इथल्या बहुतेक ओव्हनमध्ये तो १७० फॅरनहाइट असतो, म्हणजे ७७ सेल्सियस, जुन्यांमध्ये २०० पण असतो. वाळवायला १४० फॅरनहाइटच्या (६० सेल्सियस) आसपास पुरेसं असतं, म्हणून दार किंचित उघडं ठेवायचं, फटीत लाकडी चमच्याचा दांडा अडकवायचा. त्याने दोन कामं होतात, तापमान खाली येतं आणि वाफ बाहेर जाते. दार बंद ठेवलं तर पाणी जाणार कुठे, आतच फिरत राहतं आणि मांस वाळायच्या ऐवजी शिजत राहतं. कन्व्हेक्शन फॅन (ओव्हनच्या आत हवा फिरवणारा पंखा) असेल तर सुरू करा, वेळ बराच वाचतो. फॅन नसेल तर दाराच्या फटीसमोर छोटा टेबल फॅन ठेवणारे लोक आहेत, इलेक्ट्रिक ओव्हन असेल तर चालतं, गॅसचा असेल तर ज्योत विझण्याची भीती, तिथे हा प्रकार नको. आणि घरात रांगणारं मूल किंवा मांजर असेल तर उघड्या दाराचा विचार आधी करा.

पट्ट्या सपाट ट्रेवर नको, खालची बाजू ओली राहते. खाली फॉइल लावलेला ट्रे, त्यावर केक थंड करायची जाळी, जाळीवर पट्ट्या एकमेकींना न चिकटता. जागा कमी पडली तर जुनी युक्ती म्हणजे प्रत्येक पट्टीच्या टोकाला टूथपिक खुपसायची आणि ओव्हनच्या वरच्या रॅकच्या सळयांमधून पट्ट्या खाली लोंबत ठेवायच्या, खालच्या रॅकवर ट्रे ठिबकणं झेलायला. ओव्हन उघडल्यावर कोळीवाडा दिसतो अगदी. एकाच वेळी जास्त पट्ट्या बसतात आणि हवा चारी बाजूंनी लागते.

वेळ विचाराल तर ४ ते ८ तास, याहून नेमकं सांगणारा माणूस तुमच्या ओव्हनला ओळखत नाही. तीन तासांनंतर दर अर्ध्या तासाने बघा. घाई म्हणून तापमान वाढवलं तर बाहेरून कडक कवच धरतं आणि आतलं पाणी आतच अडकतं, वरून झालेली दिसते आणि चार दिवसांनी बुरशी. झाली का हे बघायला एक पट्टी बाहेर काढून पूर्ण गार होऊ द्या, गरम असताना सगळ्याच मऊ लागतात. मग वाकवा. वाकताना तडा गेला पाहिजे, तड्यात पांढरट धागे दिसले पाहिजेत, पण काडीसारखी दोन तुकडे व्हायला नको. तुकडे झाले तर जास्त झालीय, खायला हरकत नाही, दात सांभाळा. दाबल्यावर ओलसर लागली तर परत आत. वर तेलाचे थेंब आले असतील तर पेपर टॉवेलने टिपून टाका.

आणि धूर? ज्यांना ती चव हवीच त्यांच्यासाठी स्मोक्ड पापरिका वर दिलाच आहे, त्याशिवाय बाटलीत लिक्विड स्मोक मिळतो, म्हणजे खऱ्या लाकडाचा धूर थंड करून पाण्यात धरलेला, १ किलोला अर्धा छोटा चमचा बास, जास्त झाला तर राखेत बुडवल्यासारखं लागतं. आपला धुंगार पण चालतो. तयार जर्की मोठ्या पातेल्यात, मधे स्टीलच्या वाटीत लाल निखारा, त्यावर तुपाचा एकच थेंब, वर झाकण, पाच मिनिटं. तूप वाटीतच राहायला हवं, मांसावर नाही. खिडकी उघडी ठेवा आणि अपार्टमेंटवाल्यांनी स्मोक अलार्म आठवा, नाहीतर अख्खी बिल्डिंग पार्किंग लॉटमध्ये उभी राहील.

भारतात करणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळूच्या मांसावरही बंदी आहे, म्हशी-रेड्याचं त्यात येत नाही, ते मिळत असेल तर पायाकडचं, बिनचरबीचं मागा. नाहीतर बोकडाच्या मांडीचं मांस हाडापासून सोडवून घ्या, पडदे काढण्यात वेळ जातो पण जर्की फार चवदार होते. सगळ्यात सोपं चिकन ब्रेस्ट, फक्त आतलं तापमान ७४ सेल्सियस. ओटीजी चालतो, त्याच्या डायलवर काही मॉडेलमध्ये १०० च्या खाली आकडाच नसतो, तिथे दार जास्त उघडायचं आणि आत एक स्वस्तातला ओव्हन थर्मामीटर लटकवून खरं तापमान बघायचं, कारण डायलवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. ओटीजी लहान असतो आणि तापणारे रॉड मांसाच्या अगदी जवळ असतात, म्हणून फक्त खालचा रॉड लावा आणि ट्रेची जागा मधेमधे फिरवा. एअर फ्रायरमध्ये डीहायड्रेट मोड असेल तर उत्तम, पण एका वेळी पाव किलोच्या वर बसत नाही. गच्चीवरच्या उन्हाचं कुणीतरी विचारणारच, नागपूरचा मे महिना असला तरी माझं उत्तर नाही असंच आहे. ऊन कमी-जास्त होतं, माशा बसतात, आणि रात्री ओलावा परत शिरतो. उन्हात वाळवलेलं शिजवून खायचं, चान्यांसारखं. कच्चं चघळायचं नाही.

गार झालेली जर्की लगेच सीलबंद करू नका. आधी काचेच्या बरणीत सैलसर भरून एक दिवस ठेवा, थोडी ओली पट्टी आपलं पाणी कोरडीला देते आणि सगळ्या सारख्या होतात. बरणीच्या आतून दव धरलं तर समजा वाळायची राहिलीय, पुन्हा तासभर ओव्हनमध्ये. मग हवाबंद पिशवीत किंवा डब्यात, क्युरिंग सॉल्ट घातलं असेल तर कोरड्या हवेत बाहेर साधारण २ आठवडे, त्याच्या पुढे फ्रीज, घातलं नसेल तर सरळ फ्रीज, महिनोन्महिने ठेवायची तर फ्रीझर. मुंबई-कोकणात किंवा फ्लोरिडा-ह्यूस्टनच्या दमट हवेत बाहेर ठेवायच्या भानगडीत पडू नका, पहिल्या दिवसापासून फ्रीज. बुरशी दिसली तर तेवढा भाग कापून बाकीची खायची नाही, सगळी टाका.

आणि एक, सुट्टीत भारतात जाताना भावासाठी म्हणून बीफ जर्की बॅगेत टाकू नका. बीफ आणि बीफ असलेले पदार्थ भारतात आणायला बंदी आहे. उलट दिशेनेही तेच, तिकडे केलेली मटणाची जर्की इकडे आणली तर कस्टम्सच्या फॉर्मवर लिहावी लागते, आणि लिहिलीत तर दंड वाचतो पण जर्की त्यांच्या कचऱ्याच्या डब्यात जाते.